लोकभाषांचे उपासक : सर जॉर्ज ग्रिअर्सन

मालवणच्या किनाऱ्यावर सकाळी रापण ओढली जात असते. दोराच्या दोन्ही बाजूंना लहानथोर माणसे लागलेली असतात आणि त्यांचा गलबला दूरवर ऐकू येतो. त्या गलबल्याची भाषा शाळेच्या पुस्तकातील भाषेहून निराळी असते. पुस्तकात जेथे 'मला' असते, तेथे 'माका' ऐकू येते. 'कोठे' या अर्थी 'खंय', 'मुलगा' या अर्थी 'झील', 'घराला' या अर्थी 'घराक' असे शब्द कानावर पडतात. हीच मुले पुढे शाळेत येऊन बसली, म्हणजे 'मला' आणि 'कोठे' असे बोलू लागतात. एकाच मुखी बोलण्याच्या दोन तऱ्हा सुखाने नांदतात.

परंतु हाच मुलगा परगावी शिकावयास गेला आणि त्याच्या तोंडून सहज 'खंय' असा शब्द निघाला, तर कधी कधी ऐकणारे हसतात. मुलगा ओशाळतो. आजीच्या तोंडून हजार वेळा ऐकलेला शब्द लोकांना हसण्याजोगा का वाटावा, हे त्याला उमगत नाही. पुढे तो शब्द उच्चारण्याचे तो टाळू लागतो. अशा रीतीने मायेचे शब्द मनातल्या मनात राहतात आणि काही पिढ्यांनी ते नाहीसे होण्याचीही भीती असते.

लोक जसे बोलतात तसेच ते ऐकावे, जसे ऐकले तसेच लिहून घ्यावे, आणि कोणाच्याही बोलण्याला अशुद्ध म्हणून हिणवू नये, या एका विचाराने आपले सारे आयुष्य वेचणारा एक थोर पंडित होऊन गेला. तो कोकणातला नव्हता, भारतातलाही नव्हता. तरीही त्याच्या ग्रंथात मालवण-कुडाळच्या बोलीला काशी-मथुरेच्या बोलींप्रमाणेच जागा मिळाली. या पंडिताचे नाव सर जॉर्ज अब्राहम ग्रिअर्सन.

ग्रिअर्सन यांचा जन्म ७ जानेवारी १८५१ रोजी आयर्लंडमध्ये डब्लिन शहराजवळ ग्लेनागेरी येथे झाला. त्यांचे वडील आणि आजोबा डब्लिनमधील नामांकित मुद्रक होते. शालेय शिक्षण संपल्यावर ग्रिअर्सन डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाले. तेथे त्यांचा मुख्य विषय होता गणित. परंतु याच विद्यालयात त्यांना रॉबर्ट ॲटकिन्सन नावाचे गुरू भेटले. ॲटकिन्सन हे अनेक भाषांचे जाणकार होते. त्यांच्या सहवासात ग्रिअर्सन यांना संस्कृत आणि हिंदुस्थानी या भाषांची गोडी लागली आणि दोहोंतही त्यांनी पारितोषिके मिळवली. १८७१ साली ते भारतातील मुलकी सेवेची परीक्षा उत्तीर्ण झाले. भारतात जाऊन तेथील भाषांची पाहणी करावी, ही कल्पना गुरूंनीच या तरुण शिष्यापुढे ठेवली होती. १८७३ साली ग्रिअर्सन भारतात आले. त्या वेळी त्यांचे वय होते अवघे बावीस वर्षांचे.

त्यांची नेमणूक बंगाल इलाख्यात झाली. बिहार प्रांत तेव्हा याच इलाख्यात होता. नोकरीची बहुतेक वर्षे त्यांनी बिहारमध्ये घालवली. तेथे आल्यावर त्यांना एक विलक्षण अडचण जाणवली. सरकारी कचेऱ्यांचे कामकाज जिच्यात चाले ती भाषा एक, आणि कचेरीच्या दारात गाऱ्हाणे घेऊन उभा राहणारा शेतकरी बोले ती भाषा दुसरी. शेतकरी मैथिली, भोजपुरी अथवा मगही बोले. पुस्तकावरून हिंदुस्थानी शिकून आलेल्या साहेबाला त्याचे म्हणणे नीट कळत नसे, आणि साहेबाचे बोलणे शेतकऱ्याला कळत नसे. मध्ये उभा असलेला कारकून सांगेल तेच खरे मानावे लागे. ज्याला न्याय द्यावयाचा, त्याची भाषाच जर समजत नसेल, तर न्याय तरी कसा होणार?

इतर अधिकारी म्हणत, की ही खेडवळांची बिघडलेली भाषा आहे, ती शिकण्याचे कारण काय? ग्रिअर्सन यांनी मात्र ती शिकावयाचे ठरवले. दौऱ्यावर असताना ते शेतकरी, कुंभार, सुतार, गाडीवान यांच्याशी बोलत. त्यांचे शब्द टिपून घेत. थोड्याच काळात त्यांच्या ध्यानात आले, की ही भाषा मुळीच बिघडलेली नाही. तिला स्वतःचे नियम आहेत. क्रियापदे कशी चालवावी, नामांना कोणते प्रत्यय लावावे, हे त्या अक्षरशून्य शेतकऱ्याला अचूक ठाऊक असते. त्याने व्याकरणाचे पुस्तक पाहिलेले नसते, पण व्याकरण त्याच्या जिभेवर असते.

हे नियम त्यांनी लिहून काढले. १८८१-८२ मध्ये मैथिली भाषेचे त्यांचे व्याकरण प्रसिद्ध झाले. पाठोपाठ बिहारमधील बोलींची व्याकरणे त्यांनी लिहिली. १८८५ साली त्यांनी बिहारी शेतकऱ्याच्या जीवनावर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. हा ग्रंथ म्हणजे शेतकऱ्याच्या घरादारातील वस्तूंच्या नावांचे एक भांडारच होते. नांगर हा शब्द सर्वांनाच ठाऊक असतो. परंतु नांगराच्या प्रत्येक भागाला निराळे नाव असते. आपल्याकडे फाळ, रुमणे, इसाड, जू अशी नावे आहेत. तशीच बिहारमधील नांगराची, गाडीची, मोटेची, उसाच्या घाण्याची आणि मातीच्या भांड्यांची नावे ग्रिअर्सन यांनी गोळा केली. एकच वस्तू दोन जिल्ह्यांत दोन नावांनी ओळखली जात असेल, तर तीही दोन्ही नावे त्यांनी नोंदवली. मालवणच्या कोळ्यांकडे बसून कोणी होडी, वल्हे, उलांडी, रापण, पाग यांची अशीच नोंद करावी, तसे ते काम होते.

लोकांनाही या साहेबाविषयी आपलेपणा वाटू लागला. मधुबनी येथील एका बाजारपेठेला लोकांनी त्यांचे नाव दिले. परंतु ग्रिअर्सन हा परदेशी शब्द बिहारी जिभेला जड होता. लोकांनी तो आपल्या उच्चारात बसवून घेतला आणि ती पेठ 'गिलेसन बाजार' या नावाने प्रसिद्ध झाली. बोलणाऱ्यांच्या तोंडी शब्दाचे रूप कसे पालटते, याचा हा उत्तम नमुना होय. ज्यांनी लोकांच्या उच्चारांचा अभ्यास केला, त्यांचे स्वतःचे नावच लोकांच्या उच्चाराने घडवून घेतले!

१८८६ साली ऑस्ट्रियातील व्हिएन्ना नगरात पौर्वात्य विद्येच्या पंडितांची एक परिषद भरली होती. ग्रिअर्सन तिला उपस्थित होते. तेथे त्यांनी उत्तर भारतातील जुन्या लोकभाषांच्या साहित्याविषयी, विशेषतः संत तुलसीदासांविषयी, निबंध वाचला. याच परिषदेत एक ठराव संमत झाला. भारतातील सर्व भाषांची पद्धतशीर पाहणी करण्यात यावी, अशी विनंती त्यात भारत सरकारला केली होती. सरकारने पैशाच्या अडचणीमुळे काही वर्षे हे काम लांबणीवर टाकले. अखेर १८९४ साली कामाला आरंभ झाला आणि १८९८ साली ग्रिअर्सन यांची या पाहणीचे प्रमुख म्हणून नेमणूक झाली. तरुणपणी गुरूंनी मनात पेरलेले बीज पंचवीस वर्षांनी रुजून वर आले.

एवढ्या मोठ्या देशातील सर्व भाषांची पाहणी करावयाची कशी? आज हाती असलेली साधने तेव्हा नव्हती. ग्रिअर्सन यांनी प्रथम प्रत्येक जिल्ह्याच्या अधिकाऱ्याकडून आणि संस्थानातील प्रतिनिधीकडून त्या त्या भागात बोलल्या जाणाऱ्या भाषांची नावे मागवली. नावे आली तेव्हा भाषांची संख्या भरली २३१ आणि बोलींची ७७४. परंतु ही नावे म्हणजे एक मोठे कोडेच होते. एकाच बोलीला दोन जिल्ह्यांत दोन नावे होती, तर दोन निराळ्या बोलींना एकच नाव होते. पुष्कळ लोकांना तर आपण बोलतो त्या बोलीला काही नाव असते, हेच ठाऊक नव्हते. नाव बहुधा शेजाऱ्यांनी ठेवलेले असे. पंजाबात 'जांगली' नावाच्या बोलीचा शोध घेऊ लागले, की प्रत्येक गावचा मनुष्य म्हणे, ती येथे नाही, थोडी पुढच्या मुलखात बोलतात. आपल्या बोलीला रानटी कोणीच म्हणत नसे. ते नाव दुसऱ्याच्या बोलीसाठी राखलेले असे.

तेव्हा केवळ नावांवर विसंबून चालणार नव्हते. प्रत्यक्ष बोलण्याचा नमुना हवा होता. ग्रिअर्सन यांनी प्रत्येक बोलीचे तीन नमुने मागवले. पहिला नमुना म्हणजे एका ठरावीक गोष्टीचे त्या बोलीतील रूपांतर. दुसरा नमुना म्हणजे त्या प्रदेशातील एखादी लोककथा, गीत किंवा हकीकत. तिसरा म्हणजे शब्दांची व लहान वाक्यांची एक यादी. या यादीत २४१ शब्द व वाक्ये होती. त्यांत एक, दोन, तीन असे आकडे होते, हात, पाय, नाक असे अवयव होते, आणि समोरच्याचे नाव काय, हा घोडा किती वयाचा आहे, येथून काश्मीर किती दूर आहे, असे प्रश्नही होते. देशाच्या कोणत्याही टोकास राहणारा मनुष्य असो, काश्मीर किती दूर आहे हे विचारावयाचे ते त्याने आपल्या बोलीत!

ठरावीक गोष्ट निवडली होती ती बायबलातील उधळ्या पुत्राची. एका माणसाला दोन मुलगे असतात. धाकटा आपला वाटा घेऊन परदेशी जातो, सारे द्रव्य उडवतो, दुष्काळात हालअपेष्टा सोसतो आणि पश्चात्ताप पावून घरी परततो. बाप त्याला पोटाशी धरतो. ही गोष्ट निवडण्याचे कारण धार्मिक नव्हते, भाषेचे होते. मी, तू, तो ही तिन्ही सर्वनामे तिच्यात येतात. नामांच्या बहुतेक विभक्ती येतात. काल घडलेले, आज घडत असलेले आणि उद्या घडावयाचे, असे तिन्ही काळ येतात. शिवाय सर्वांनी एकच गोष्ट सांगितली, म्हणजे बोलींची तुलना करणे सोपे होते. भारतीय लोकांच्या भावना दुखावू नयेत, म्हणून गोष्टीच्या शब्दांत थोडा फेरफारही करण्यात आला होता.

या गोष्टीतील एक 'मुलगा' हाच शब्द घेऊन पाहावा. पुण्याकडे मुलगा म्हणतात, मालवणकडे झील म्हणतात, खानदेशात अहिराणी बोलणारे आंडोर म्हणतात, तर गोव्यात पूत म्हणतात. नाते एकच, बापाची मायाही तीच, पण शब्द निरनिराळे. हे सारे शब्द एकाखाली एक लिहिले, म्हणजे महाराष्ट्राच्या वाटा-वळणांचा एक नकाशाच डोळ्यांपुढे उभा राहतो.

नमुने मिळवणे सर्वत्र सोपे नव्हते. हिंदुकुश पर्वतातील एका दुर्गम खोऱ्याची भाषा जाणणारा कोणी मिळेना, तेव्हा तेथील एका मेंढपाळाला चित्रळ गावी आणून दुभाष्याच्या मदतीने त्याचे बोलणे उतरून घ्यावे लागले. अशा प्रकारे देशाच्या कानाकोपऱ्यांतून हजारो कागद ग्रिअर्सन यांच्याकडे येऊ लागले. प्रत्येक कागद ते तपासत, शंका आली की परत पाठवत, आणि उत्तर येईपर्यंत पुढे जात नसत.

या कामात त्यांच्यापुढे एक मूलभूत प्रश्न उभा राहिला. भाषा कोणती आणि बोली कोणती? ग्रिअर्सन यांनी याचे उत्तर डोंगर आणि टेकडी यांच्या दृष्टांताने दिले. एव्हरेस्टला पर्वत म्हणावयास कोणी कचरत नाही, आणि लहानशा उंचवट्याला कोणी पर्वत म्हणत नाही. परंतु टेकडी कोठे संपते आणि डोंगर कोठे सुरू होतो, ती नेमकी रेषा कोणालाही दाखवता येत नाही. भाषा आणि बोली यांचेही तसेच आहे. दोहोंनाही नियम असतात, दोहोंतही सुखदुःखे बोलता येतात. त्यांपैकी एखादी बोली राज्यकारभारात, शाळांत आणि ग्रंथांत वापरली जाते आणि निरनिराळ्या भागांतील लोक परस्परांशी व्यवहार करताना ती स्वीकारतात. तिला प्रमाणभाषा असे म्हणतात. ती सर्वांना जोडते, म्हणून तिचे महत्त्व मोठे. परंतु ती प्रमाण ठरली, एवढ्यावरून तिच्या बहिणी अशुद्ध ठरत नाहीत.

दुसरी गोष्ट त्यांना दिसली ती अशी, की दोन भाषांच्या मध्ये भिंत नसते. एक भाषा दुसरीत हळूहळू मिसळत जाते. सिंधुदुर्गातील बोली हे याचे सुंदर उदाहरण आहे. मालवणहून वेंगुर्ला, सावंतवाडी, बांदा करीत गोव्याच्या पेडण्यापर्यंत चालत गेले, तर भाषा नेमकी कोणत्या ओढ्यापाशी बदलली, हे सांगता येणार नाही. 'घोडा' याला मालवणीत घोडो म्हणतात आणि गोव्याच्या कोकणीतही घोडोच म्हणतात. 'घराला' याला दोन्हीकडे घराक म्हणतात. परंतु गोव्यात ज्याला उदक म्हणतात, त्याला मालवणी मनुष्य मराठीप्रमाणे पाणी म्हणतो. गोव्यात नाका म्हणतात, तेथे मालवणीत मराठीसारखे नको येते. गोव्यात जाय म्हणतात, तेथे मालवणीत होया येते, आणि ते मराठीतील हवे या शब्दाच्या जवळचे आहे. समुद्र आणि खाडी यांचे पाणी जसे एकमेकांत मिसळते, तशा येथे दोन भाषा मिसळल्या आहेत.

पाहणीचा सातवा खंड मराठीला वाहिलेला आहे. तो १९०५ साली प्रसिद्ध झाला. नॉर्वे देशातील पंडित स्टेन कोनो यांनी तो तयार केला आणि ग्रिअर्सन यांनी त्याचे संपादन केले. आपल्या सहकाऱ्याचे श्रेय ग्रिअर्सन यांनी उघडपणे त्यालाच दिले. या खंडात पुण्याकडील देशी मराठीबरोबर वऱ्हाडी, नागपुरी, कोकणी, चित्पावनी अशा अनेक बोली आहेत. त्यांतच कुडाळी हे नाव आहे. कुडाळ गावावरून पडलेल्या या नावाची बोली म्हणजेच मालवणी. तेव्हा मालवण रत्नागिरी जिल्ह्यात होते आणि कुडाळ सावंतवाडी संस्थानात होते. राज्ये दोन होती, पण बोली एक होती. तिचा ग्रंथातील नमुना पाहिला, म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर लोक कसे बोलत होते, याचा साक्षात्कार होतो.

प्रकृतीसाठी आणि ग्रंथालयांच्या सोयीसाठी ग्रिअर्सन इंग्लंडला गेले आणि कॅम्बर्ली या गावी राहिले. १९०३ साली ते सरकारी सेवेतून निवृत्त झाले, परंतु पाहणीचे काम त्यांनी सोडले नाही. त्याच वर्षापासून पाहणीचे खंड प्रसिद्ध होऊ लागले आणि १९२८ साली शेवटचा भाग बाहेर पडला. तेव्हा ग्रिअर्सन सत्याहत्तर वर्षांचे होते. चौतीस वर्षांच्या या उद्योगातून अकरा मोठे खंड निर्माण झाले. सर्व तपासणी केल्यावर भाषांची संख्या १७९ आणि बोलींची ५४४ अशी ठरली. कागदावर उच्चार पूर्णपणे उतरत नाही, हे जाणून अनेक भाषांतील बोलण्याच्या ग्रामोफोनच्या तबकड्याही तयार करवून घेण्यात आल्या. त्या काळच्या माणसांचे आवाज त्यामुळे आजही ऐकावयास मिळतात.

एवढे मोठे कार्य निर्दोष असणे शक्य नव्हते. मद्रास इलाखा, ब्रह्मदेश आणि हैदराबाद व म्हैसूर ही संस्थाने पाहणीच्या बाहेर राहिली. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. शिवाय बहुतेक बोली ग्रिअर्सन यांनी स्वतःच्या कानांनी ऐकल्या नव्हत्या. ते लिहून आलेल्या नमुन्यांवर अवलंबून होते. नमुने लिहिणारे बहुधा शिकलेले लोक असत. घरात एक बोलावे आणि कागदावर दुसरेच लिहावे, ही शिकलेल्या माणसाची जुनी सवय. साहेबाकडे जाणाऱ्या कागदावर माका लिहावे की मला लिहावे, असा संकोच कोणाच्या मनात आला असेल, तर तेथे बोलीचा एक खरा शब्द कायमचा हरवला. म्हणून बोलणाऱ्याची भीड मोडणे, हे बोलीच्या अभ्यासकाचे पहिले काम मानले जाते.

ग्रंथातील काही निर्णय पुढे बदललेही. त्यात कोकणी ही मराठीची बोली मानली होती आणि कुडाळी ही कोकणीची शाखा मानली होती. पुढे १९९२ साली कोकणीला स्वतंत्र भाषा म्हणून राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. उलट कुडाळीचा समावेश मराठीच्या बोलींच्या पाहणीत झाला. डॉ. अ. मा. घाटगे यांनी त्या पाहणीत कुडाळीवर स्वतंत्र पुस्तक लिहिले व ते १९६५ साली प्रसिद्ध झाले. टेकडी आणि डोंगर यांतील रेषा काढणे कठीण असते, हे ग्रिअर्सन यांचेच म्हणणे अशा रीतीने खरे ठरले.

सरकारने १९१२ साली ग्रिअर्सन यांना 'सर' ही पदवी दिली. १९२८ साली त्यांना 'ऑर्डर ऑफ मेरिट' हा दुर्मीळ सन्मान मिळाला. परंतु सन्मान मिळाला म्हणून त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. काश्मिरी भाषेचा मोठा कोश त्यांनी हाती घेतला होता, तो वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, १९३२ साली पुरा झाला. ९ मार्च १९४१ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, कॅम्बर्ली येथे त्यांचे निधन झाले.

त्यांनी घालून दिलेला मार्ग पुढे अनेकांनी चोखाळला. भाषेचा इतिहास व भूगोल मराठी वाचकांना समजावून देणारे ना. गो. कालेलकर हे थोर भाषाशास्त्रज्ञ सिंधुदुर्गाच्याच मातीत जन्मले, आणि त्यांच्या १९६४ सालच्या 'भाषा : इतिहास आणि भूगोल' या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. २०१० नंतर डॉ. गणेश देवी यांच्या पुढाकाराने लोकांनीच आपल्या भाषांची नव्याने पाहणी केली व तीत ७८० भाषांची नोंद झाली. इकडे मालवणीनेही आपला संकोच टाकला. १९८० साली रंगभूमीवर आलेल्या गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण' या नाटकाने आणि मच्छिंद्र कांबळी यांच्या अभिनयाने मालवणी बोली साऱ्या महाराष्ट्राच्या घरोघरी पोहोचवली. ज्या शब्दांना लोक एके काळी हसत, तेच शब्द ऐकण्यासाठी लोक तिकिटे काढून रांगा लावू लागले.

ग्रिअर्सन हे परक्या राजसत्तेचे अधिकारी होते. परंतु हुकूम सोडण्यापूर्वी ऐकावे, हा गुण त्यांच्या ठिकाणी होता. गावातील कुंभार आणि डोंगरातील मेंढपाळ हेही आपले शिक्षक होऊ शकतात, असे ते मानीत. प्रमाणभाषा शिकावी, कारण ती आपल्याला दूरच्या बांधवांशी जोडते. घरची बोली जपावी, कारण ती आपल्याला आपल्या माणसांशी जोडते. या दोहोंत वैर नाही. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढणारा मुलगा 'माका' म्हणतो तेव्हा तो चुकत नाही. शेकडो वर्षे या किनाऱ्यावर नांदलेल्या माणसांचा वारसा तो बोलत असतो.

अभ्यास

१. बिहारमधील कचेऱ्यांत ग्रिअर्सन यांना कोणती अडचण जाणवली? तिच्यामुळे शेतकऱ्याचे कोणते नुकसान होत असे?
२. 'व्याकरण त्याच्या जिभेवर असते', या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
३. पाहणीसाठी कोणते तीन नमुने मागवण्यात आले? एकच गोष्ट सर्व बोलींत का लिहवून घेतली?
४. भाषा, बोली आणि प्रमाणभाषा यांतील फरक डोंगर-टेकडीच्या दृष्टांताच्या आधारे सांगा.
५. नमुना लिहिणाऱ्याच्या संकोचामुळे बोलीच्या अभ्यासाची कोणती हानी होते?
६. आपल्या घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारून स्वयंपाकघर, शेत किंवा होडी यांतील दहा वस्तूंची नावे, ती जशी उच्चारली जातात तशीच, लिहून काढा.